कावळा शिवला, आता पुढे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मी 50 वर्षांचा. सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये 26 वर्षं विज्ञान शिकवतो. जिभेवर कापूर पेटवणं, लिंबातून 'रक्त' काढणं अशा चमत्कारांमागचं विज्ञान दाखवणारा शाळेतला कार्यक्रम माझाच असतो. ज्येष्ठात वडील गेले, वय 81. मनात नसताना केवळ आईसाठी दशक्रिया केली. कृष्णेच्या घाटावर दहाव्याचा पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. पाऊण तास झाला. आईला सांभाळीन म्हटलं, धाकट्या भावाचं बोअरवेलचं कर्ज फेडीन म्हटलं, काही नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, 'बाबा, आत्याला घरी आणतो.' मिनिटभरात एक डोमकावळा उतरला आणि पिंडाला शिवला. आई म्हणाली, 'बघ, ऐकलं त्यांनी.' मी ओक्साबोक्शी रडलो. आत्याचं आणि आमचं 14 वर्षं येणंजाणं नाही. तेव्हापासून झोप लागत नाही. माझा कावळ्यावर विश्वास बसला का? बसला असेल तर मुलांना एवढी वर्षं काय शिकवलं? नसेल बसला तर रडलो कशाला? माणूस मेल्यावर काही उरतं का? आणि आईला खरं काय ते सांगू का?"
— एक विज्ञान शिक्षक

नमस्कार सर,

तुमचं पत्र सात पानांचं. वर छापलंय ते त्याचं सार. सार काढायला बसले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, ती जरा वेळाने सांगते. आधी कावळ्याचं उरकू.

तुम्हीच लिहिलंय की पिंडाभोवती दहा-बारा माणसं कोंडाळं करून उभी होती. कुत्रं येऊ नये म्हणून धाकटा भाऊ हातात फोक घेऊन तयार. आणि सगळ्यांच्या नजरा कठड्यावरच्या कावळ्यांवर. आता कावळ्याइतका संशयी पक्षी गावात दुसरा नाही. आपल्याकडे रोखून बघणाऱ्या माणसाजवळ तो सहसा उतरत नाही, नजर वळली की येतो. अमेरिकेत सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात 2006 मध्ये जॉन मार्झलफ या शास्त्रज्ञाने मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा घातलेलं कुणी दिसलं की तिथले कावळे कालवा करायचे, ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेसुद्धा. असा पक्षी फोक घेतलेल्या माणसाशेजारी कशाला उतरेल? शिवाय घाटावरचा कावळा उपाशी नसतो. सकाळपासून चार घरचे पिंड झालेले असतात, अकराच्या सुमाराला त्याला भाताचं काय अप्रूप? आत्याचं वाक्य बोलताना तुम्ही हात जोडून मान खाली घातलीत, आणि त्याच वेळी गुरुजींनी बाकीच्यांना "पायऱ्यांवर व्हा" म्हणून मागे घेतलं. तुमच्याच पत्रात आहे, पान चार. कावळा त्यानंतर आला. बाबांच्या आवडीचं म्हणून तुम्ही पिंडाशेजारी चहाचा कप, तंबाखूची पुडी आणि द्रोणात शेव ठेवली होती. त्याने आधी शेव उचलली आणि मग पिंडाकडे वळला, हेही तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय. ते वाचून मला, माफ करा, हसू आलं.

हे सगळं नववीच्या वर्गाला तुम्ही माझ्यापेक्षा बरं समजावाल. आणि तरीही आज रात्री तुम्हाला झोप लागणार नाही, तेव्हा पुढे जाऊ.

त्या पाऊण तासाकडे जरा बघा. घरातलं माणूस गेलं की पहिले नऊ दिवस काय चालतं? भेटायला येणाऱ्यांचे चहा, शेजारून आलेला पिठलं-भात, मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक, कुणाला कळवलं, कुणाला राहिलं. गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल यावर बोलायला कुणाला सवड नसते, आणि सवड असली तरी धीर नसतो. दहाव्याला मात्र एक काळा पक्षी अडून बसतो आणि सगळ्या भावकीदेखत ती यादी मोठ्याने वाचावी लागते. कशात जीव अडकलाय? बायकोत? धाकट्यात? कर्जात? तुमच्या पहिल्या दोन वचनांना काही मोल पडणार नव्हतं. आईला तुम्ही सांभाळणारच होतात, आणि बोअरचं कर्ज मास्तरच्या पगारातून ओढत-ताणत का होईना फिटलं असतं. तिसरं नाव घरात 14 वर्षं कुणी काढलं नव्हतं. ते तुम्हाला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, पायऱ्यांवरच्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. ही रीत ज्यांनी पाडली त्यांचा कावळ्यांचा अभ्यास किती होता देव जाणे, माणसांचा मात्र दांडगा असणार. पहिल्याच मिनिटाला कावळा शिवला असता तर आत्याचं नाव निघालंच नसतं.

म्हणून मी या रीतीची भलामण करत्येय असं समजू नका. माझ्या सासूबाईंच्या दहाव्याला तासभर कावळा आला नाही. नात्यातल्याच एक बाई हळूच, पण मला ऐकू जाईल इतपतच हळू, म्हणाल्या, "सून नोकरीवाली. म्हातारीला गरम घास मिळाला नसेल." शेवटचं दीड वर्ष बिनपगारी रजा काढून मी सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं केलं होतं. मग दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला, पाच मिनिटांत सगळे मोकळे. दर्भाचा चालतो, तर खऱ्याची वाट बघत मला तासभर उन्हात आरोपी का केलंत, हे तेव्हा विचारायचं राहिलं. 19 वर्षांनी इथे विचारून घेते.

त्याच रीतीने तुमच्या घरी एक कोंडलेलं नाव बाहेर काढलं आणि माझ्या घरी एका बाईच्या डोक्यावर खापर फोडलं. श्रद्धेबद्दल कुणी मला "चांगली की वाईट" असं विचारलं की मी म्हणूनच गप्प बसते. कुठल्या घाटावर, कुणाच्या दहाव्याला, ते आधी सांगा.

मी पुण्यात राहते. ओंकारेश्वराच्या घाटावर दशक्रिया चालतात, आणि त्याच्या शेजारच्याच पुलावर 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्या पुलावरून जाताना खाली कुणीतरी मुंडण केलेला मुलगा पिंडापुढे उभा दिसतो, आणि दोन्ही गोष्टी एकदम मनात येतात. तुम्ही पत्रात दाभोलकरांना "तोंड कसं दाखवू" असं लिहिलंय. अहो, 1989 मध्ये त्यांनी सुरू केलेल्या समितीचा रोख शोषणावर होता. देव मानणाऱ्या माणसाशी त्यांचं भांडण नव्हतं, देवाच्या नावाने लुबाडणाऱ्याशी होतं. त्यांच्या खुनानंतर आठवड्याभरात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि वर्ष संपायच्या आत त्याचा कायदा झाला. त्या कायद्याच्या यादीत नरबळी आहे, भूत उतरवायला मारहाण करणं आहे. पिंडदान नाही. तुमच्या घाटावर कुणाला लुबाडलं? कुणाला भीती घातली? मुलांना तुम्ही शिकवलंत की कुणी दावा केला तर पुरावा मागा. ते अजूनही बरोबरच आहे. त्या दिवशी तुम्ही कसला दावा केला नाहीत, वचन दिलंत. वचनाला पुरावा कोण मागतो?

आता ती लक्षात आलेली गोष्ट.

सात पानांपैकी कावळा एका पानात संपतो. अडीच पानं 21 सप्टेंबर 1995 वर आहेत. त्या दिवशी देशभर गणपती दूध पीत होते आणि तुम्ही बी.एस्सी.ला होतात. बाबा दुधाचा तांब्या घेऊन गावातल्या देवळात रांगेत उभे होते. तुम्ही तिथे गेलात, दुधात कुंकू कालवलंत, चमच्याची कड सोंडेला टेकवलीत आणि सोंडेवरून पोटावर, पोटावरून पाटावर उतरणारा तांबूस ओघळ सगळ्या रांगेला दाखवलात. पृष्ठताण. दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनीही दुधात रंग मिसळून तेच दाखवलं होतं, तेव्हा तुमचं शास्त्र शंभर टक्के बरोबर. लोक हसले. बाबांनी तांब्या पायरीवर ठेवला आणि घरी निघून गेले. "त्यानंतर देवाचा विषय त्यांनी माझ्यापाशी कधी काढला नाही. मी जिंकलो होतो," असं तुम्ही लिहिलंय, आणि "जिंकलो"च्या खाली कागद फाटेल इतकी दाबून रेघ मारलीय.

सर, घाटावर तुम्ही कावळ्यासाठी रडलात असं तुम्हाला वाटतंय. मला तो तांब्या वाटतो. तीस वर्षं ज्या विषयावर बापलेक मुके होते, त्या विषयातल्या शब्दांत तुम्ही पहिल्यांदा त्यांच्याशी बोललात. "बाबा, आणतो." आणि पलीकडून उत्तर आल्यासारखं झालं. ते उत्तर कावळ्याचं असो, योगायोगाचं असो, शेवेचं असो. अशा वेळी माणूस रडतो. न रडता घरी आला असतात तर मला तुमची जास्त काळजी वाटली असती.

राहिला मोठा प्रश्न, मेल्यावर काही उरतं का. हा प्रश्न कठोपनिषदातल्या नचिकेताने थेट यमालाच विचारला. कुणी म्हणतात उरतं, कुणी म्हणतात नाही, तूच काय ते सांग. यमसुद्धा आधी टाळाटाळ करतो. म्हणतो, देवांनाही यात शंका होती रे, दुसरं काहीतरी माग. हत्ती-घोडे घे, सोनं घे, राज्य घे. ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. विसरायला होतं ते हे की हा त्याचा तिसरा वर होता. पहिला वर त्याने निराळाच मागितला. बाप यज्ञात म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई दान करत होता. मुलाने पुन्हा पुन्हा टोकलं, बाप संतापून म्हणाला, जा, तुला यमाला दिला. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसलेला तो पोरगा सगळ्यात आधी काय मागतो? मी परत गेलो की बाबांचा राग गेलेला असू दे, त्यांनी मला ओळखून जवळ घ्यावं. मुलगा बरोबर होता हं. गाई आटलेल्याच होत्या. पण मरणापलीकडचं गूढ त्याने तिसऱ्या नंबरावर ठेवलं आणि बापाचा राग पहिल्या. तुम्हीही क्रम असाच लावा असं माझं सांगणं आहे. तिसऱ्या प्रश्नाला घाई नाही, तो आपल्या सगळ्यांना पुरून उरेल.

माझं स्वतःचं विचाराल तर आत्मा कावळ्यात येऊन बसतो असं मी मानत नाही. पण चार्वाकांच्या नावावर एक जुना टोमणा सांगतात तो मला अर्धाच पटतो. श्राद्धाचं अन्न मेलेल्याला पोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी कशाला न्यायची, घरी त्याचं पान वाढलं की झालं! युक्तिवाद बिनतोड आहे. तरीही मुलगा नोकरीला लांब असला की दिवाळीच्या पहिल्या घाण्यातली करंजी त्याच्या नावाने बाजूला काढणारी आई तुम्ही-आम्ही पाहिलेली आहे. त्या करंजीने बंगळुरातल्या मुलाचं पोट भरतं असं तिला वाटतं का, विचारून बघा. वेड्यात काढेल तुम्हाला. ती करंजी कुठल्याच दाव्यात बसत नाही. माणसं जे मानतात त्यातलं निम्मं तरी या करंजीच्या जातीचं असतं, आणि ते पुराव्याच्या तराजूत टाकलं की त्याचं वजनच होत नाही, ना खरं ना खोटं.

आईला खरं सांगू का, असं विचारलंय. कुठलं खरं? मार्झलफचं? तुम्ही या घरात पृष्ठताण एकदा समजावून झालाय. 50 वर्षांचा संसार संपलेल्या बाईला "ऐकलं त्यांनी" म्हणावंसं वाटलं, तर म्हणू द्या. तुम्ही मान डोलवायची गरज नाही, खोडायचीही नाही. फक्त एका ठिकाणी पाय रोवून उभे राहा. उद्या कुणी येऊन "एवढा उशीर लागला म्हणजे आत्म्याला गती नाही, त्र्यंबकेश्वरला तीन दिवसांचं नारायण नागबळी करा, नाहीतर घराला त्रास होईल" असं आईच्या मनात भरवलं, तर तिथे नाही म्हणा. भीती घालून खिशात हात घालायला लावणं हे तुमच्या 26 वर्षांच्या शिकवण्यात नेमकं बसतं. वर्षश्राद्ध आईला हवं असेल तर करा आणि तिला सांगून करा की मी तुझ्यासाठी बसतोय. एवढं खरं तिला पुरेल.

शाळेतला कार्यक्रम सोडू नका. दुधाचा प्रयोग तर मुद्दाम दाखवा. मुलं तो घरी करून दाखवतातच, तेव्हा एवढंच वाढवा की देवघरासमोर तांब्या कुणाच्या हातात आहे ते आधी बघ, आणि चारचौघांत नको करूस.

आणि आत्या. इथे मी जरा कडक बोलणार आहे. तुमच्या पत्रात हे प्रकरण कसंबसं चार ओळींत आहे, पण कळलं मला. आजोबांच्या जमिनीवरचं हक्कसोडपत्र बाबांनी बहिणीकडून लिहून घेतलं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून निघाल्यावर तिला साडी घेतली, हॉटेलात जेवण दिलं. दोन वर्षांनी त्यातलाच तुकडा रस्त्यात गेला, मोबदला आला, आणि आत्या म्हणाली, "दादा, यातलं काही?" बाबा म्हणाले, "तू सही दिलीयस." कायद्याने बाबा बरोबर असतील. पुन्हा तेच, सर. तुमच्या घरात बरोबर असण्याची परंपरा चांगलीच जुनी दिसते.

तेव्हा "आत्याला घरी आणतो" याचा अर्थ काय, हे तुम्हालाच ठरवायचंय. गाडी पाठवून जेवायला आणणं आणि सायंकाळी पोचवणं, हाही एक अर्थ होतो. पायऱ्यांवरच्या लोकांचं तेवढ्यावर समाधान होईल. तुमचं होणार नाही, नाहीतर सात पानं लिहिली नसतीत. आधी धाकट्याशी बोला, कारण मोबदल्याच्या पैशातच त्याचं घर उभं राहिलंय असं तुम्ही म्हणता, आणि त्याला न विचारता दिलेलं वचन तुमच्या एकट्याच्या पगारातून पाळावं लागेल. लागलं तर तसं पाळा. रक्कम किती हे मी सांगणार नाही, पण आकडा मनाशी ठरवल्याशिवाय तिच्या दारात जाऊ नका.

फोन करू नका, जा. साडी नेऊ नका, निदान या वेळी तरी. ती पहिल्यांदा रडेल किंवा दारातूनच बोलेल, दोन्हीची तयारी ठेवा. आणि केव्हातरी विचारेलच, "दादाने शेवटी माझं नाव काढलं का रे?" तुम्ही लिहिलंय की नाही काढलं. मग नाहीच म्हणा. बाबांनी बोलावलंय, त्यांचा जीव तुझ्यात अडकला होता, असलं काही गोड सांगू नका. मी काढलं तुझं नाव, म्हणा, मी आलोय. कावळ्याची गोष्ट तिने आत बोलावून चहा टाकला, तर मग सांगा. शेवेसकट.